ब्राझील, तालुका इंदापूर

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या दहावीच्या कुठल्याही पोराला पहाटे झोपेतून हलवून विचारा, "ब्राझीलच्या पश्चिम भागात रस्ते कमी का?" पोरगं डोळे न उघडता सांगेल, "घनदाट वर्षावने, दलदलीचा प्रदेश, विरळ वस्ती." तीन गुणांचं उत्तर झालं की कूस बदलून पुन्हा घोरायला लागेल. आता त्यालाच विचारा, "तुमच्या वस्तीवरच्या चारीला पाणी कुठनं येतं रे?" मग मात्र डोळे उघडतील. जरा डोकं खाजवून म्हणेल, "पाटातनं." आणि पाटात कुठनं येतं? "सोडत्यात."

कोण सोडतं आणि कुठनं सोडतं, हा भाग परीक्षेला नसतो. भोर तालुक्यातल्या भाटघर आणि नीरा देवघर धरणांचं पाणी वीर धरणात येतं, तिथनं ते नीरा डाव्या कालव्याला लागतं आणि आवर्तनात आपली पाळी आली तर, आणि वरच्यांनी मधेच मोटारी टाकल्या नाहीत तर, या पोराच्या बापाच्या उसापर्यंत पोचतं. हा सगळा प्रवास ॲमेझॉनपेक्षा कमी थरारक नाही. पण त्यावर प्रश्न येत नाही, म्हणून तो भूगोल नाही. ती नुसती भानगड.

2018 साली बालभारतीनं दहावीच्या भूगोलाचं पुस्तक बदललं आणि जगातल्या यच्चयावत देशांना रजा देऊन दोनच ठेवले, भारत आणि ब्राझील. क्षेत्रभेटीचा पहिला धडा संपला की तिथून शेवटच्या पानापर्यंत ही जोडी. स्थान-विस्तार दोघांचा, नद्या दोघांच्या, हवामान, जंगलं, लोकसंख्या, वस्त्या, व्यवसाय, पर्यटन, सगळं दोघांचं, लग्नाआधी दोन पत्रिका समोरासमोर मांडाव्यात तसं. गुण किती जुळतात ते पोरांनी सांगायचं. छत्तीसपैकी नाही, चाळीसपैकी.

पुस्तक नवं होतं तेव्हाच्या एका पालकसभेत एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "सर, ब्राझीलच का?" सरांनी सांगितलं, दोन्ही देश मोठे आहेत, दोन्ही विकसनशील आहेत, दोन्हीकडं युरोपातल्या लोकांनी राज्य केलं. गृहस्थ बसेनात. "ते बराबर हाय. पण आमचं पोरगं जाणार पुण्याला, लई झालं तर दुबईला. ब्राझीलला कुणाचं कोण हाय?" सरांनी मग शिक्षण खात्यातलं ठेवणीतलं अस्त्र काढलं. "वरून आलंय," ते म्हणाले. गृहस्थ ताबडतोब बसले. वरून येणाऱ्या गोष्टीवर, मग तो पाऊस असो की परिपत्रक, आपल्याकडं वाद घालत नाहीत. आला तर घ्यायचा, नाही आला तर वाट बघायची.

लांबचे देश शिकवण्याची ही आवड काही आजची नव्हे. डी.एड.ला एक सूत्र घोटून घेतात, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. म्हणून तिसरीत जिल्हा, चौथीत राज्य, मग देश, मग खंड. कऱ्हा, नीरा आणि भीमा यांची तोंडओळख होते न होते तोच पोरगं जे उंबरा ओलांडून बाहेर पडतं, ते पुन्हा घरी म्हणून येत नाही. ज्ञात तरी किती दिवस धरून बसायचं? आमच्या पिढीच्या वाट्याला एस्किमो आला होता. एप्रिलचा महिना, पत्र्याचं छप्पर, खिडकीतून येणारा फुफाटा, आणि आम्ही घामेजल्या हातानं वहीत लिहितोय, 'एस्किमो बर्फाच्या घरात राहतात. त्या घरास इग्लू म्हणतात.' त्या एस्किमोचा असा काही हेवा वाटायचा की विचारू नका. मागच्या बाकावरून एकानं विचारलंही होतं, "सर, इग्लूला परवानगी कुणाची लागते? ग्रामपंचायतीची का?"

शाळेत पृथ्वीचा गोल होता. होता म्हणजे हेडमास्तरांच्या कपाटात, कुलपात होता. पोरांनी हात लावला तर पृथ्वी खराब होईल, असं हेडमास्तरांचं म्हणणं, आणि पुढं जगाचं जे झालं ते पाहता त्यांचं फारसं चुकलं नाही. तपासणीला साहेब आले की तेवढ्यापुरता तो बाहेर निघायचा. पत्र्याचा, दोन वाट्या विषुववृत्तावर एकमेकींत बसवलेल्या, पॅसिफिकवर गंजाची दोन-तीन नवी बेटं. त्याची गंमत अशी, की विषुववृत्तावरचा तो सांधा सुटला होता. उत्तर गोलार्ध फिरवला की दक्षिण गोलार्ध जागचा हलायचा नाही. त्यामुळं कुठल्याही देशाखाली कुठलाही देश आणता यायचा. सरांनी एकदा साहेबांसमोर जरा जोरात फिरवला आणि गोल थांबला तेव्हा कन्याकुमारीच्या खाली थेट ब्राझील लटकत होता. साहेबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि शेऱ्यात 'साधनांचा वापर समाधानकारक' असं लिहिलं. पुढं बालभारतीत जे कुणी बसले, त्यांच्यापैकी एखादा त्या वर्गात होता की काय, अशी मला दाट शंका आहे.

पाठांतराचं म्हणाल तर बारामतीच्या मातीला त्याचं वावडं नाही. मोरोपंत इथलेच. ते 1794 साली गेले नसते आणि त्यांच्या हाती हे पुस्तक पडलं असतं, तर नऊच्या नऊ धडे आर्येत बांधून त्यांनी पोरांचं कल्याण केलं असतं. फक्त त्यांनी निरोष्ठ रामायण लिहिलं तसा निरोष्ठ भूगोल लिहायला घेऊ नये. त्या रामायणात ओठ लागणारी अक्षरं वर्ज्य, म्हणजे प, फ, ब, भ, म बाद. रामातला म चालत नसताना पंतांनी रामायण पार पाडलं हे खरं, पण इथं ब्राझीलही जाणार, भारतही जाणार, बारामतीही जाणार, आणि शेवटी भूगोलसुद्धा. उरणार काय, तर इंदापूरचं 'इंदा'.

पण पालकसभेतले ते गृहस्थ म्हणाले ना, 'ब्राझीलला कुणाचं कोण हाय?' ते मात्र साफ चूक. सकाळी कुठल्याही गावात पारावर जाऊन बसा. ॲग्रोवनचं पान फडफडवत कुणीतरी आजोबा बसलेले असतात. त्यांना जगाचा नकाशा दाखवून ब्राझीलवर बोट ठेवा म्हटलं तर बोट ऑस्ट्रेलियावर पडेल. पण ब्राझीलमध्ये यंदा पाऊस कसा, ऊस किती, त्यातला किती साखरेला आणि किती इथेनॉलला, हे ते तंबाखू मळता मळता सांगतील. आमच्या शेजारच्या घरात असा एक आजा आहे आणि दहावीतला एक नातू आहे. भिंत सामाईक असल्यामुळं त्यांचा भूगोल मला फुकट ऐकायला मिळतो.

नातू पडवीत मोठ्यानं वाचत होता, "ब्राझील हा ऊस उत्पादनात जगात अग्रेसर देश आहे."

"हंगाम कधीचा लिवलाय?" आतून आवाज आला.

"हंगाम न्हाई लिवला, आबा."

"मग काय लिवलंय? एप्रिलात त्यांची मोळी पडती गव्हाणीत, पार नोव्हेंबरापतोर. आपला पट्टा पडला का त्यांचं धुराडं पेटतंय. म्हंजे जगात बारा म्हैनं कुठं ना कुठं गाळप चालूच. आन् तिकडचं कारखानदार लई वस्ताद. साखरंला भाव आसला का साखर, नसला का अल्कोहोल. पंच्याहत्तर सालापासनं गाड्या पळवत्यात त्याच्यावर. आपल्याला आत्ता कळलंय ते."

"हे परीक्षेला न्हाई, आबा."

"मग परीक्षेला काय हाय?"

"ब्राझीलचा राष्ट्रीय पक्षी."

आबांनी यावर काही उत्तर दिलं नाही. फक्त पिचकारीचा आवाज आला.

वास्तविक माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, या दोन तालुक्यांतल्या कारखान्यांच्या काट्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक ट्रॉलीचा ब्राझीलशी संबंध आहे. तिकडं पाऊस चांगला झाला की जगात साखर स्वस्त होते आणि इथं पहिली उचल किती द्यायची यावर संचालकांच्या बैठका लांबतात. तिकडं दुष्काळ पडला की इथल्या सभासदाला आनंद लपवता येत नाही. आजवर एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या माणसांत इतका जिव्हाळ्याचा आणि इतका हलकट संबंध मी दुसरा पाहिला नाही. पुस्तकात याला 'तुलनात्मक अभ्यास' म्हणतात. गावात याला भावकी म्हणतात.

आणि भावकी म्हटली की कोर्ट आलं. 2019 साली ब्राझीलनं ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांना बरोबर घेऊन जागतिक व्यापार संघटनेत भारतावर केस टाकली. तक्रार काय, तर भारतातलं सरकार उसाला जास्त दर ठरवून देतं आणि साखर बाहेर पाठवायला पैसे देतं. म्हणजे उसाची एफआरपी, जी मुळात पुरत नाही म्हणून दरवर्षी इंदापुरात रास्ता रोको होतो, ती भलतीच जास्त आहे असं जिनिव्हात साहेब लोकांपुढं मांडण्यात आलं. नातवानं हे आबांना वाचून दाखवलं. आबा बराच वेळ गप्प होते.

"बांधाला बांध न्हाई, पाण्याची पाळी न्हाई, सोयरीक न्हाई, आन् केस?"

डिसेंबर 2021 मध्ये निकाल भारताच्या विरुद्ध गेला. भारतानं अपील केलं. पण तिथं अपील ऐकणाऱ्या मंडळावर नेमणुकाच झालेल्या नाहीत, मंडळ बंद पडलेलं आहे, त्यामुळं अपील नुसतं पडून आहे, असं नातवानं सांगितलं तेव्हा आबांचा चेहरा एकदम उजळला. जिनिव्हाबद्दल त्यांना प्रथमच आपुलकी वाटली. "मग काय भ्या न्हाई," ते म्हणाले. "आमची बांधाची केस माज्या बानं टाकल्याली हाय."

यानंतर काही दिवसांनी ॲमेझॉनचा धडा आला. ॲमेझॉन समुद्राला मिळते तिथं दर सेकंदाला साधारण दोन लाख घनमीटर पाणी बाहेर पडतं. नातवानं ते एकदा वाचलं, दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचताना आबा बाहेर आले.

"घनमीटर म्हंजे किती क्युसेक?"

उजनीच्या काठावरचा माणूस पाण्याला क्युसेक आणि टीएमसी याशिवाय दुसऱ्या मापात ओळखत नाही. एक घनमीटर म्हणजे सव्वापस्तीस घनफूट. नातवानं मोबाइल काढला. सत्तर लाख क्युसेक. आबांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा सत्तर लाख. उजनीतून लाख-दीड लाख क्युसेक सोडलं की पंढरपूरचं वाळवंट पाण्याखाली जातं आणि टीव्हीवाले नाव काढून येतात. सत्तर लाख हा आकडा आबांनी आयुष्यात फक्त निवडणुकीच्या गप्पांत ऐकला होता.

"आन् उजनी किती?"

"पूर्ण भरली तर 117 टीएमसी."

"मग ही बया उजनीत सोडली तर किती दिसात भरंल?"

इथं शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांनी ज्याची स्वप्नं बघितली ते घडलं. भूगोल, गणित आणि परिसर हे तिन्ही विषय कुणीही प्रकल्पवही न देता एका पडवीत एकत्र आले. आबांनी जुन्या उसाच्या पावतीची पाठ पुढं केली, नातवानं त्यावर शून्यांची रांग लावली. एकशे सतरा अब्ज घनफूट, भागिले सत्तर लाख. सेकंद निघाले सोळा हजार सातशेच्या आसपास. त्याला भागिले छत्तीसशे.

"दिस न्हाई लागत, आबा. साडेचार तास."

सामाईक भिंतीच्या अलीकडं मीही हातातला चहा खाली ठेवला. साडेचार तास म्हणजे सकाळी नाष्टा करून भिगवणहून निघालेला माणूस जेवायला परत यायच्या आत कुंभारगाव, पळसदेव, सगळं पाणी पार काठोकाठ. उन्हाळ्यात उघडं पडणारं पळसनाथाचं देऊळ साडेचार तासांत कळसासकट गडप. आबांच्या डोळ्यांपुढं ते सगळं उभं राहिलं असावं, कारण ते बराच वेळ बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "आन् पाचव्या तासाला?"

"काय पाचव्या तासाला?"

"पाचव्या तासाचं पाणी कुणाला? आपल्याला का सोलापूरला?"

2021 साली उजनीच्या अवघ्या पाच टीएमसीवरून इंदापूर आणि सोलापूर यांची जी जुंपली होती ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रश्न पुस्तकातल्या कुठल्याही प्रश्नापेक्षा अवघड आहे हे पटेल. ॲमेझॉनला अकराशेच्या वर उपनद्या आहेत म्हणतात. त्या सगळ्या जर आपल्याकडं असत्या, तर अकराशे कृती समित्या झाल्या असत्या.

पुस्तकातला मला सर्वांत आवडलेला शब्द म्हणजे 'अवर्षण चतुष्कोण'. ब्राझीलच्या ईशान्येला उच्चभूमीच्या पर्जन्यछायेत एक कोरडा टापू आहे, त्याला हे नाव. नाव कसं भारदस्त आहे. मोरगाव, सुपे, उंडवडी या बारामतीच्या जिरायती पट्ट्यात पोरं हे नाव पाठ करतात. भौगोलिक कारणे लिहा, ईशान्य ब्राझीलमध्ये पाऊस कमी पडतो. पोरगं लिहितं, वारे डोंगरापलीकडं जाईपर्यंत त्यांतलं बाष्प संपतं, त्यामुळं तो प्रदेश पर्जन्यछायेत येतो. तिन्ही गुण मिळतात. बाहेर शाळेच्या फाटकाशी टँकर उभा असतो. सह्याद्रीवर महाबळेश्वराला पाच हजार मिलिमीटरच्या वर ओतून ढग इकडं येतात ते मोकळ्या हातानं, आणि वर्षाकाठी पाचशेच्या आसपास शिंपडून पुढं जातात, हे तेच उत्तर आहे. पण आपल्या गावाला असं सुंदर नाव कुणी दिलेलं नाही. आपल्याला 'टंचाईग्रस्त' म्हणतात, आणि टंचाईग्रस्तावर तीन गुणांचा प्रश्न कोण काढणार?

याच बारामतीजवळ माळेगावला 2009 पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. दुष्काळ, उष्णता, खारट जमीन यांचा पिकांवर जो ताण येतो त्यावर तिथं संशोधन चालतं. दहावीच्या पोरांवरचा ताण जैविक असल्यामुळं बहुधा त्यांच्या कक्षेत येत नाही.

पुस्तकातल्या ब्राझीलला आणखी एक खोड आहे. तो बदलत नाही. एक प्रश्न असा, भौगोलिक कारणे लिहा, 'ब्राझीलमध्ये नियमित हिमवर्षाव होत नाही.' उत्तर ठरलेलं, विषुववृत्ताजवळचं स्थान वगैरे. जुलै 2021 च्या शेवटी ब्राझीलच्या अगदी दक्षिणेकडच्या राज्यांत गावोगाव बर्फ पडला. लोकांनी रस्त्यात बर्फाचे बाहुले केले. त्याच महिन्यात हिमतुषारांनी कॉफी जळली, उसालाही झळ बसली, साखर जगभर वधारली आणि आपल्याकडून त्या हंगामात साखरेची विक्रमी निर्यात झाली. आबांना ही बातमी दुसऱ्या दिवशी कळली होती. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना ती कळवण्याची सोय नाही. ज्या पोरानं पुढच्या परीक्षेत 'पडतो की!' असं लिहिलं असेल, त्याच्या गुणपत्रिकेची मला काळजी वाटते.

बाकी परदेश इथं येऊन इतका रुळलाय की तो परदेश आहे हेच कुणी मानत नाही. पोरगं शाळेत येतं ते ॲपे रिक्षात, ती इटलीच्या पियाजिओची आणि बनते बारामतीच्या एमआयडीसीत. मधल्या सुट्टीत ते खातं किंडर जॉय, तेही इटलीच्या फेरेरोचं, तेही बारामतीतच बनतं, आणि त्यातला कोको बहुधा आफ्रिकेतून आलेला. इतकं सगळं पोटात गेल्यावर तासाला सर विचारतात, "इटलीचा आकार कसा?" पोरगं म्हणतं, "बुटासारखा." शाब्बास, बस खाली. भिगवणला ज्या चिलापीवर लोक पुण्याहून येऊन ताव मारतात ती मूळची आफ्रिकेची. उजनीच्या काठावर हिवाळ्यात उतरणारे पट्टकदंब मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात, तेही व्हिसाशिवाय. बांधावरचं काँग्रेस गवत, जे उपटून उपटून तीन पिढ्यांच्या कमरा गेल्या, ते अमेरिकेतलं, आपल्याकडं 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलं गेलं आणि आता कुठल्याही रहिवाशापेक्षा पक्कं रहिवासी झालं आहे. उलट आपली गीर आणि आंध्रातली ओंगोल ब्राझीलला गेली. ओंगोलला तिकडं नेलोर म्हणतात आणि देशभर तिचेच कळप. म्हणजे देणंघेणं दोन्ही बाजूंनी झालेलं आहे, फक्त धड्यात त्याला जागा नाही.

मोठ्या माणसांचाही भूगोल याच वळणाचा. आमच्याकडं इस्राएलला जाऊन आलेले शेतकरी आहेत. अभ्यासदौरा. आल्यावर वर्षभर ठिबक आणि किबुत्झ याशिवाय विषय नाही. त्यांतल्या एकाला मी भाटघर पाहिलंय का विचारलं. "ते काय बघायचंय," तो म्हणाला, "ते हितंच तर हाय." जे इथंच आहे ते बघायचं नसतं, हा नियम दहावीच्या पुस्तकानं केलेला नाही. पुस्तकानं तो फक्त छापला.

या सगळ्यात एक पोरांचा गट असा आहे, ज्याला भूगोल शिकवावा लागत नाही. दिवाळी झाली की बीडकडून टोळ्या येतात. ट्रॅक्टरवर भांडी, कोंबड्या, म्हातारी आणि वर दोन-तीन पोरं. कारखान्याच्या आवारात कोप्या पडतात. पाटोदा-आष्टीची ही पोरं बारामती-इंदापुरात येतात ती आपल्या पोरांनी ब्राझीलला जावं तशीच, आणि पट्टा पडेपर्यंत शाळा असलीच तर साखरशाळा. कुठल्या घाटात ट्रॅक्टर दम खातो, कुठल्या गावात पाणी मिळतं, कुठला मुकादम उचल कापतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ. स्थलांतराची कारणे लिहा, असा प्रश्न लोकसंख्येच्या धड्यावर येतो. तो सोडवायला ती मार्चमध्ये वर्गात नसतात.

तर ब्राझील काढून टाका असं माझं म्हणणं नाही. उलट या दोन तालुक्यांसाठी याच्याइतका सोयीचा देश शोधून सापडला नसता, आणि ज्यांनी तो निवडला त्यांनी आमच्यावर उपकारच केले, मग ते नकळत का असेनात. तक्रार इतकीच की तो उगाच लांब ठेवला. मधलं सगळं अंतर शाळेनं घातलेलं आहे.

हे एका शाळेतल्या सरांनाही पटलं असावं, कारण त्यांनी व्यवसायांच्या धड्याला आबांनाच वर्गात बोलावलं. 'परिसरातील अनुभवी व्यक्तीचे मार्गदर्शन' अशी नोंद करता येते म्हणून हेडमास्तरांची परवानगी मिळाली. आबा धुतलेलं धोतर नेसून आले. खुर्चीवर बसले नाहीत. फळ्यावरच्या ब्राझीलच्या नकाशाकडं त्यांनी थोडा वेळ पाहिलं, "एवढा मोठा हाय व्हय," म्हणाले आणि सुरू झाले. एप्रिलची मोळी, नोव्हेंबरचा पट्टा, साखरेचं अल्कोहोल, जिनिव्हाची केस, जुलैतला बर्फ. पोरं पहिल्यांदाच न लिहिता ऐकत होती. त्यांतल्या हुशार मुलीनं शेवटी हात वर केला.

"आबा, हे परीक्षेला येणार का?"

"परीक्षेला न्हाई, पोरी. बिलात येतंय."

तास संपला. सरांनी मग वही तपासताना पाहिलं, मागच्या बाकावरच्या एकानं आपल्या मनानं एक प्रश्न तयार करून सोडवला होता. भौगोलिक कारणे लिहा, आमच्या उसाचे बिल कमी आले. उत्तर, कारण ब्राझीलमध्ये पाऊस चांगला झाला. सरांनी तीनपैकी अडीच गुण दिले. अर्धा नकाशा काढला नाही म्हणून कापला.